माळ्यावर टाकलेला डबा

बिबवेवाडीतलं ते पाळणाघर चालायचं एका पत्र्याच्या डब्यावर. मार्केट यार्डात धान्य निवडणाऱ्या बायका आपली मुलं तिथे ठेवायच्या आणि दर शनिवारी ओंजळभर तांदूळ नाहीतर डाळ डब्यात टाकायच्या. त्याचीच आठवडाभर खिचडी. संस्थेच्या खात्यात कायम खडखडाट, पण चूल कधी विझली नाही.

मग एका सॉफ्टवेअर कंपनीला समाजसेवेची हुक्की आली. चेक सुरू झाले. भिंतींना रंग लागला, पंखे आले आणि सचिव श्यामसुंदरराव परांजपे यांची मान भलतीच ताठ झाली. कंपनीचे साहेब पाहणीला यायचे होते, त्या शनिवारी पोचे पडलेला डबा श्यामसुंदररावांच्या डोळ्यांत खुपला. त्यांनी तो माळ्यावर टाकला. तेवढ्यात धान्य निवडणाऱ्या बायकांमधली शालन ओंजळ भरून दारात आली.

"आता नको हो," ते हात आखडून म्हणाले. "सगळं पाकिटातलं येणार आहे."

तांदूळ पदरात ओतून ती गेली. पुढच्या आठवड्यात तिने मुलीला, दीक्षाला, पाळणाघरातून काढलं. का, ते विचारायचं श्यामसुंदररावांना सुचलंही नाही.

तिकडे अमेरिकेत मंदी आली आणि इकडे चेक बंद झाले. पाकिटं संपली. भिंतीचा रंग काही शिजवता येत नाही. बाकीचे विश्वस्त म्हणाले, टाळं लावा. स्वयंपाकाच्या विमलाबाईंनी विचारलं, "सोमवारी मुलांना काय घालू?"

श्यामसुंदरराव डबा पुसून मार्केट यार्डात निघाले. वाटेभर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

शालन गाळ्यासमोर चाळण घेऊन बसली होती.

"पाळणाघर बंद पडायला आलंय," ते कसेबसे म्हणाले. "पूर्वीसारखं धान्य मिळालं तर... तेव्हा नको म्हणालो, चुकलं माझं. डब्याची लाज वाटली होती."

"डब्याची होय?" शालन म्हणाली. "आम्ही बौद्ध. मला वाटलं, साहेबांसमोर आमच्या हातचं नको झालं."

"छे, छे! असलं काही मनातसुद्धा..." श्यामसुंदरराव बोलायला गेले आणि अडखळले. इतक्या वर्षांत त्या खिचडीचा एक घासही त्यांनी खाल्ला नव्हता. विमलाबाई दरवेळी ताटली पुढे करायच्या, आणि ते दरवेळी घरून जेवून आलेले असायचे.

त्यांची मान खाली गेली ती वर येईना.

शालनने ओंजळ भरली. श्यामसुंदररावांनी दोन्ही हातांनी डबा पुढे धरला. त्यांच्या बोटांना आपला हात लागू नये म्हणून तिने तांदूळ उंचावरूनच सोडले.