बिट्टीच्या आईचे हात

"सिलेंडर उचलल्यासारखं वाटतंय गं," मालिकेचा दिग्दर्शक राजवीर पुण्याहून फोनवर म्हणाला. "आई पोरीला जवळ घेतेय असं वाटतच नाही."

तीन दिवस खपून क्रांतीनं ती मिठी काढली होती. तीन दिवसांत सात सेकंद. बघणाऱ्याला वाटतं बाहुल्या आपोआप चालतात. इथं बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. अशा बारा फोटोंचा एक सेकंद. हे काम ती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, झुंबरबाईच्या पिठाच्या गिरणीवरच्या माडीत, खिडक्यांना काळा कागद चिकटवून एकटी करायची. राहायलाही तिथंच. गिरण सुरू झाली की टेबल थरथरायचं, म्हणून कामाची वेळ गिरण बंद असायची तेवढीच, दुपारी एक ते पाच. उरलेल्या वेळात बाहुल्यांच्या परकरांना टाके घालायचे आणि भिंतीकडं बघत बसायचं.

मालिका बालवाडीच्या पोरांसाठी. साडेतीन वर्षांची बिट्टी, तिची आई आणि एक शेळी. बाकीचं सगळं पुण्यात व्हायचं, आई-पोरीचे प्रसंग तेवढे क्रांतीकडं. या भागात बिट्टी बालवाडीच्या पहिल्या दिवशी रडून घरी येते आणि आई तिला जवळ घेते. अख्ख्या भागात तेवढंच तर होतं.

"रेफरन्स शूट कर ना," राजवीर म्हणाला. "कुणाला तरी मिठी मार, मोबाईलवर घे आणि ते बघून कर. घरातलं कुणीही चालेल. शुक्रवारपर्यंत दे पण."

घरातलं कुणीही. घरात दोघी होत्या, वीत-वीत उंचीच्या, आणि त्यातल्या एकीचं मुंडकं काढून ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर मिठी हा प्रकारच क्रांतीला माहीत नव्हता. जयसिंगपूरच्या घरात मिठी मारायचे ती मढ्याला. जित्या माणसावर माया आली तर आई त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर दहाही बोटं कडाकडा मोडायची. अलाबला घ्यायची. तापातून उठल्यावर, गॅदरिंगला नटवल्यावर, दहावीच्या निकालाला.

"बिट्टीची आई मिठी मारणार न्हाय," तिनं सांगितलं. "अलाबला घेईल."

"पोरांना कळेल का?"

"तुमच्या सोसायटीतल्या पोरांचं सांगता येत न्हाय. बाकीच्यांना कळंल."

राजवीर हसला. "बरं, कर. पण हात जिवंत वाटले पाहिजेत."

आधी तिनं झुंबरबाईला विचारलं. ती कोपरापर्यंत पिठानं पांढरी झालेली तशीच माडीवर आली. क्रांती तिच्यासमोर पाटावर बसली. झुंबरबाईनं हात उचलले आणि खाली टाकले.

"असं हुकमावर हुतंय व्हय गं? समोर कोण तरी आपलं लागतंय." मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. "म्हंजे तू बी आपलीच की."

तिनं केलं. डब्यावरचं पीठ झटकावं तसं.

"तुजी आई हाय न्हवं जैसिंगपुरात?" जिना उतरता उतरता ती म्हणाली. "तिच्याकडं जा की." झुंबरबाईला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी क्रांती बिद्रीचं सासर सोडून निघून आली. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, आणि तिथंच सगळं अडलं. मारत असता तर पाठीवरचे वळ दाखवून माहेरी रडता आलं असतं, भावकीनंही चार दिवस हळहळून घेतलं असतं. 'मला तिथं ऱ्हायचं न्हाय' एवढं एकच कारण बाईच्या तोंडून कुणाला खपत नाही. बाईला सुटका पाहिजे असेल तर आधी रक्त दाखव म्हणतात. त्यात धाकट्या भावाची, आदर्शची, ठरलेली सोयरीक मोडली. मग दुसरी मोडली. आईनं क्रांतीला शिव्या दिल्या नाहीत, बाहेर काढलं नाही. फक्त हात लावायची बंद झाली. ताटसुद्धा जमिनीवरून सरकवून द्यायची. पंधरा दिवस क्रांतीनं ते सोसलं आणि कोल्हापूर गाठलं. त्यानंतर दिवाळीला एक फोन, तोही तिनंच करायचा.

जयसिंगपूरची एसटी सांगली फाट्याच्या पुढं गेल्यावर तिनं स्वतःशी कबूल केलं, की रेफरन्स वगैरे निमित्त आहे. तिला आईचा हात पाहिजे होता, आणि तो मागायला सबब सापडली होती.

आई, बायडाबाई, उंबऱ्यात सूप घेऊन शेंगदाणे निवडत होती. तिनं मान वर केली.

"कोण मेलं?"

"कोण न्हाय. कामाला आलोय."

"बाहुल्यांच्या?"

"व्हय."

क्रांतीनं सगळं समजावून सांगितलं. आईनं एक खडा बाजूला टाकला.

"म्हंजे मी तुझी अलाबला घ्यायची, आन् ते बघून तू बाहुलीला शिकवणार."

"व्हय."

"बाहुलीला आई न्हाय व्हय?"

"हाय की. तिलाच शिकवायचंय."

आईच्या ओठाची एक कड हलली. तिनं पदराला हात पुसले, बांगड्या मागं सारल्या. "लुगडं बदलू?"

"नको. हातच घेणार हाय."

"आदर्श यायच्या आत उरक."

मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून क्रांती आईसमोर बसली आणि तिनं डोळे मिटले. शेंगदाण्याच्या टरफलांचा वास जवळ आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत वारा लागल्यासारखं झालं. मग कडाकडा बोटं मोडली.

"झालं?"

"आणि एकदा, आई."

आईनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. चौथ्यांदा मागायला क्रांतीनं तोंड उघडलं तोवर सूप परत मांडीवर आलं होतं. निघताना आईनं शेंगांची पिशवी पायरीवर ठेवली. "ने जा."

परतीच्या एसटीत क्रांती खिडकीशी बसून पोरीसारखी हसत होती. चौतिसाव्या वर्षी. शेजारच्या बाईनं दोनदा वळून बघितलं. ती मनातल्या मनात म्हणत होती, घेतली बाई, तीनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता गिरण थांबली. तिनं व्हिडिओ लावला आणि एकेक चित्र पुढं सरकवायला लागली. आईचा हात कपाळाजवळून निघाला, भुवईशी आला, गालाशी आला. हात आणि गाल यांच्या मधून मागचा दरवाजा दिसत होता.

कोनामुळं असेल, तिला वाटलं. दुसरी खेप बघितली. तिथंही दरवाजा. तिसऱ्या खेपेलाही दरवाजाची निळी पट्टी, बोटभर रुंद, कपाळापासून हनुवटीपर्यंत. हात कुठंच टेकला नव्हता. पहिल्या खेपेला तो गालाजवळ पाच-सहा चित्रं थांबला होता, बोटं थोडी थरथरली होती आणि मग तसाच खाली गेला होता. आणि समोर क्रांती, डोळे मिटून, प्रत्येक चित्रात गाल पुढं करून बसलेली.

तिनं फोन लावला.

"आई, तुझा हात लागला न्हाय."

पलीकडं टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "त्यात ते बी दिसतंय?"

"दिसतंय. तिन्ही बारीला."

"लावणार हुतो," आई म्हणाली. "तुमाला समदं हलवाय येतंय न्हवं? तेवढं सरकव की पुढं."

"तू सरकवायचा हुतास."

"सहा वर्सं झाली गं, क्रांते," आई म्हणाली. फोन तिनंच ठेवला.

क्रांतीनं बिट्टीच्या आईला टेबलावर उभं केलं आणि ती हलू नये म्हणून पायाच्या तळव्यांखाली स्क्रू घट्ट केले. गालापर्यंतचा सगळा रस्ता तिनं बायडाबाईच्या हाताबरहुकूम काढला, ते थांबणं आणि बोटांची थरथरसुद्धा सोडली नाही. तिथून पुढं बघायला काही नव्हतं. पुढचं तिनं मनानं केलं. केसभर, फोटो. केसभर, फोटो. हात बिट्टीच्या गालाला टेकला, पण आतली तार ताणून त्याला मागं ओढायला लागली. तिनं मागच्या बाजूनं टाचणी खुपसून तो गालावर बसवला. मग छत्तीस फोटो घेतले. तीन सेकंद. खाली पाचला गिरण सुरू झाली तेव्हा तिचा अंगठा अजून बटणावरच होता.

शुक्रवारी राजवीरचा फोन आला. "मस्त झालंय. हात एकदम खरे वाटतात. फक्त गालावर फार वेळ थांबलाय. एक सेकंद ठेवून बाकीचं कापतो."

"कापायचं न्हाय."

"पोरं कंटाळतील गं. तीन सेकंद काहीच होत नाही त्यात."

"हात हाय की गालावर," क्रांती म्हणाली.

राजवीर बघतो म्हणाला. तिनं फोन ठेवला, बाहुलीच्या हातातली टाचणी उपसली आणि शेळीचा प्रसंग मांडायला घेतला.