एका ऐकण्यापुरती उरलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, पण दुकानात रांगेने मांडून विकतात तसली नव्हे. तसल्या तबकड्या कडक असतात, एका साच्यातून हजार निघतात. मी नमुन्याची. ॲल्युमिनियमच्या चकतीवर काळं मऊ रोगण, आणि गाणं चालू असतानाच सुईने त्या रोगणात कोरलेल्या खाचा. माझ्यासारखी दुसरी नाही. माझ्यावर सुई फिरली की गाणं ऐकू येतं, आणि फिरताना ती त्यातलं थोडं खरवडून नेते. चाळीस-पन्नासदा वाजवलं की मी संपले. हा माझा दोष नाही. कंपनीच्या साहेबाने ऐकावं, पसंत करावं आणि मग खऱ्या, कडक तबकड्या काढाव्यात, एवढ्यासाठीच मला बनवलं होतं.

एकोणीसशे एक्कावन्नची गोष्ट. त्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या बॉल्टिमोरमध्ये काळ्यांच्या वस्तीत दर गल्लीत एक गाणारं टोळकं होतं आणि दर टोळक्याला पक्ष्याचं नाव होतं. माझ्या चौघांनी उशिरा सुरुवात केली, तोवर चांगले पक्षी संपले होते. सेफस एनल्स म्हणाला, आपल्या वाट्याला किलडीअर आलाय. पिल्लांवर संकट आलं की पंख मोडल्याचं सोंग करून शत्रूला दूर नेतो तो पक्षी. तेच नाव पडलं. सेफसचा आवाज खर्जातला, विहिरीत घागर बुडावी तसा. लिअँडर पर्नेल सगळ्यात वरच्या पट्टीत गाई. मधले दोन आवाज टॉलिव्हर भावांचे.

टोप्यांच्या दुकानावर ब्रॅडशॉची ध्वनिमुद्रणाची खोली होती. मायक्रोफोन एकच, त्यामुळे कुणाचा आवाज किती यायचा ते पायांनी ठरायचं. ब्रॅडशॉ खडूने जमिनीवर जागा आखायचा. सेफस मायक्रोफोनला पोट टेकेल इतका जवळ, भाऊ दोन पावलं मागे, आणि लिअँडरला तो मागे मागेच ढकलत राहिला. "अजून मागे. दारापाशी जा. जिन्यात उतरलास तरी ऐकू येशील तू."

गाऊन झाल्यावर पोरांनी विचारलं, आम्हाला ऐकव की. ब्रॅडशॉ नाही म्हणाला. मऊ तबकडी आहे, एक ऐकणं उगाच वाया जाईल, खरी आली की पोटभर ऐका. म्हणजे ज्यांनी गायलं त्यांनीच ऐकलं नाही. साहेबाने मात्र दार लावून मला चारदा ऐकलं, बुटाने ताल धरत. गाणं आवडलं म्हणाला, कागदावर सह्या घेतल्या, मला सेफसच्या हातात दिलं आणि शरद ऋतूत तबकडी येईल असं सांगून गेला.

त्याच्या आधी सेफसला लष्कराचं बोलावणं आलं. कोरियाला जाताना त्याने मला आईच्या हातात दिलं. "आई, खरी येईपर्यंत ही ठेव. आली की टाकून दे." वाजवू नकोस, हे सांगायचं राहिलं. खरी येणार याची त्याला एवढी खात्री होती.

शरद ऋतूत गाणं आलं. रेडिओवर, दिवसातून पाच वेळा. गाणारे दुसरेच चौघे होते, गोरे, दूरच्या शहरातले. लिअँडरने जाब विचारला तेव्हा साहेब म्हणाला, "गाणं बरोबर होतं, तोंडं चुकीची होती." मी मऊ, मी तात्पुरती, आणि त्यांच्या तबकड्या कडक. हे रोगणाचं नशीब नव्हे, मित्रांनो. हे माणसांनी बसून ठरवलेलं होतं.

आणि थंडीत तार आली. सेफस एनल्स बेपत्ता.

चर्चमधल्या बायका म्हणाल्या, प्रार्थना ठेवू या त्याच्या आत्म्यासाठी. सेफसच्या आईला सगळे मानाने मिस लव्हिनिया म्हणत आणि सगळी गल्ली तिला वचकून असे. ती म्हणाली, "हरवलाय असं लिहिलंय. मेलाय असं लिहिलेलं नाही. मला वाचता येतं."

तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटलं की उरलेले तिघे तिच्याकडे येत. ती मला लावी. तिघे त्या छोट्या खोलीत खडूच्या जागा नसतानाही जागेवर उभे राहत: भाऊ टेबलाशी, लिअँडर पार स्वयंपाकघराच्या दारात, आणि माझ्यासमोरची जागा मोकळी. तिघे तोंडाने गात, चौथा माझ्यातून. मिस लव्हिनिया डोळे मिटून बसे. त्या तीन मिनिटांत तिचं घर भरलेलं असे.

आणि मी झिजत होते. आधी बारीक, उंच आवाज जातात, खर्ज शेवटी. लिअँडर माझ्यातून पहिला गेला. मिस लव्हिनिया त्याला टोमणा मारी, "तू हल्ली तबकडीत नीट गात नाहीस हं. दम लागतो का? माझा सेफस बघ, जिथल्या तिथे." लिअँडर हसायचा. त्याला ठाऊक होतं. मऊ तबकडी, एक ऐकणं वाया जाईल, हे ब्रॅडशॉचे शब्द त्याच्या कानात होते.

एकदा तो म्हणाला, "मिस लव्हिनिया, दोन दिवस द्या मला ही. ब्रॅडशॉकडून दुसरी उतरवून आणतो."

"मागच्या वेळी लष्कराने एकाला नेलं तेही दोन वर्षांसाठी म्हणूनच नेलं होतं," ती म्हणाली. "या घरातून आता काही बाहेर जाणार नाही."

इथे त्याने बोलायला हवं होतं. नाही बोलला. आईला कसं सांगायचं, की तुम्ही ऐकता म्हणून तो संपतोय? तो दारात जाऊन उभा राहिला आणि सुई माझ्यावर टेकली. माझ्यात चार माणसांचे आवाज होते आणि मला ओरडायला एकही नव्हता.

पुढच्या शरद ऋतूतल्या एका रविवारी नुसती खरखर आली. खरखरीच्या तळाशी, फार लांब, सेफस. मिस लव्हिनियाने सुई उचलली. "याचाही घसा बसला का रे?"

लिअँडर दारातून पुढे आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "घसा नाही बसला. दर वेळी सुई त्याला थोडं खाते. आपणच संपवला त्याला, दर रविवारी. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तिने त्याच्या मुस्कटात मारली. मग त्याच हाताने त्याचा गाल चोळत बसली, बराच वेळ.

"किती उरलाय?"

"एकदा. फार तर."

दुसरी उतरवून घ्यायला ब्रॅडशॉची खोलीही तोवर उरली नव्हती. मिस लव्हिनियाने मला उशीच्या अभ्र्यात घातलं, सेफसच्याच उशीच्या. "मग हे एक ऐकणं त्याचं. त्याने स्वतःला कधी ऐकलंच नाही. आला की पहिलं त्याला ऐकवायचं."

त्यानंतरही तिघे रविवारी येत, माझ्याशिवाय गात. मोकळी जागा मोकळीच. खालचा सूर यायचा तिथे ती म्हातारी आपल्या फाटक्या आवाजात गुणगुणायची, कधी जुळायचं, कधी नाही. दर शनिवारी ती दारापुढच्या पांढऱ्या पायऱ्या घासायची. पाहुणा यायचा असल्यासारख्या. अशी सव्वीस वर्षं. मग ती गेली. पायऱ्या काळ्या पडल्या. तो आला नाही.

मित्रांनो, जपणं म्हणजे कपाटात ठेवणं नव्हे. कुणाचा आवाज जपायचा असेल तर तो माणूस समोर आहे तोवर जपा, आणि त्याचा आवाज त्याला ऐकवा. आणि खरं माहीत असेल तर पहिल्याच रविवारी बोला. वाईट वाटेल म्हणून गप्प बसणाऱ्याने माझं जितकं गाणं संपवलं, तितकं त्या साहेबानेही संपवलं नाही.

आता मी लिअँडरकडे आहे. त्याच अभ्र्यात. शिकलेली माणसं येतात, म्हणतात, किलडीअर्सचा एवढाच पुरावा उरलाय, एकदा लावू द्या. लिअँडर त्यांना कॉफी देतो, बसवून घेतो, आणि सांगतो की हे ऐकणं आधीच एकाला दिलेलं आहे.