बरसातीची फरशी

स्टुलावर चढून सतबीर ठेकेदाराने छताला तळहात लावला आणि झटकन काढून घेतला.

"आंटीजी, ये कमरा नहीं, तंदूर है. इसमें कोई रहता है?"

"मेरा बेटा रहता है," विजयालक्ष्मी म्हणाली.

बेटा बाहेर गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा होता. केतनची चाळिशी जवळ आली होती. मे महिन्याच्या त्या उन्हातही त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. माप घ्यायचं म्हणून ठेकेदाराने त्याला बाहेर जायला सांगितलं, तसा तो निमूट गेला होता. कोणी सांगितलं की जायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

नोएडातलं हे घर विजयालक्ष्मी आणि गुणवंतने नोकरीत असतानाच बांधलं. तो केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. तळमजल्यावर भाडेकरू, पहिल्या मजल्यावर ही दोघं आणि त्यावर गच्चीला लागून ही एकुलती खोली, म्हणजे दिल्लीकर जिला बरसाती म्हणतात ती. जुने कूलर आणि बॅगा ठेवायला बांधलेली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला केतनला नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि असलेले सोसेनासे झाले. दाराची बेल, टीव्ही, पाहुण्यांची चौकशी. एक दिवस तो गादी उचलून वर गेला, त्याला पंधराएक वर्षं झाली. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. केतनचं कुठल्याच पावलांनी जायला तयार नव्हतं.

आता प्रश्न उन्हाचा होता. त्याच्या गोळ्यांनी शरीराला उष्णता सोसत नाही. गेल्या उन्हाळ्यात तो गच्चीवर चक्कर येऊन पडला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की खोली थंड करा, नाहीतर याला खाली आणा. खाली यायचं तो नावच काढत नव्हता. एसी बसवून पाहिला, पण छत आणि भिंती दिवसभर एवढ्या तापायच्या की एसी बिचारा नुसताच धापा टाकायचा.

सतबीरने उपाय सांगितला. छतावर पांढऱ्या फरशा. आतून छताला आणि भिंतींना काचेच्या लोकरीच्या गाद्या, त्यावर बोर्ड. खिडकीला दुहेरी काच आणि जाड दार. "और अंकलजी, एक पंथ दो काज. गर्मी भी नहीं आएगी, आवाज़ भी नहीं जाएगी."

गुणवंत इतका वेळ हिशेबनीस चेहऱ्याने ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "और फ़र्श?"

"फ़र्श पे रबर की मैट डाल देंगे. ऊपर हाथी नाचे, नीचे पता नहीं चलेगा."

"डाल दीजिए," गुणवंत म्हणाला.

ठेकेदार जिना उतरून फटफटीवर बसेपर्यंत विजयालक्ष्मीने दम धरला आणि मग स्वयंपाकघराच्या दारात नवऱ्याला गाठलं.

"अहो, ऊन फरशीतून येतं का?"

"विजू, तू आता सुरू करू नकोस."

"नाही, मला सांगा ना. ऊन छतातून येतं, भिंतीतून येतं. फरशीत मॅट कशाला?"

"मला झोपायचंय म्हणून," गुणवंत म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सत्तरी उलटली माझी. पंधरा वर्षं डोक्यावर तो चालतोय. दुपारी चालतोय, पहाटे चालतोय. मध्येच ओरडतो. दोन भाडेकरू सोडून गेले, आता तिसरे विचारतायत, वर काय चाललंय. माझाही मुलगा आहे तो. पण मला एक दुपार झोपू दे."

तो खोटं बोलत नव्हता. गुणवंतला जी डोकेदुखी होती, तिच्यावर विजयालक्ष्मी जगत होती. बरसाती तिच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर वर होती. केतन दारापासून खिडकीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. सगळी नोकरी तिने कानावर केलेली. पलीकडचा माणूस बोलायच्या आधीच तो कुठल्या बातमीसाठी फोन करतोय ते तिला श्वासावरून कळायचं, असं तिच्या मैत्रिणी चेष्टेने म्हणत. तोच कान तिने छताला लावला होता. संथ पावलं म्हणजे दिवस बरा. भरभर म्हणजे गोळी चुकली असणार. आणि पावलं थांबली की हातातलं टाकून ती जिना चढायची. चार वर्षांपूर्वी ती अशीच धावत गेली होती. त्या दिवशी चहा गाळून जाऊ म्हणाली असती, तर आज ठेकेदाराला बोलवायची वेळच आली नसती. तेव्हापासून केतन मनगटं झाकणारे, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो.

ताक घेऊन ती वर गेली. आवाज काय, तो खालून वरही जातोच. केतनने सगळं ऐकलेलं होतं. तो पलंगाच्या कडेवर बसला होता.

"आई, मॅट घालू दे."

"अरे, पण मग मला कळणार कसं?"

"तेच तर." त्याने चपला काढल्या आणि पाय थोडे पुढे केले. घोट्यांपाशी सुजले होते. "तू खालून ऐकतेस हे मला माहीत आहे. मी थांबलो की तू येतेस. दारात उभी राहतेस आणि काही न बोलता माझ्या हातांकडे बघतेस. रोज."

"काळजी वाटते रे."

"अच्छा, ते ठीक आहे. पण त्या गोळ्यांनी मला झोप येते, यार. दुपारी डोळे उघडत नाहीत. पडावंसं वाटतं. पडलो की पाच मिनिटांत तू दारात. म्हणून मी पडतच नाही. चालत राहतो, म्हणजे तू खाली नीट बसशील."

विजयालक्ष्मीच्या हातातला पेला तसाच राहिला. ज्या आवाजावर ती इतकी वर्षं निश्चिंत होत आली, तो हे पोर तिच्यासाठी काढत होतं, सुजलेल्या पायांनी. तिला त्या क्षणी स्वतःची भयंकर चीड आली, आणि तरीही मॅट नको असंच वाटत राहिलं.

"मला वाटायचं, चालतोयस म्हणजे बरा आहेस."

"चालतोय म्हणजे चालतोय, आई."

"मग एक कबूल कर. पुन्हा तसलं काही मनात आलं तर मला हाक मारशील."

केतन कधी उगाच दिलासा देत नसे, आजाराने तेवढी लबाडीही त्याच्यात ठेवली नव्हती. "ते नाही कबूल करू शकत," तो म्हणाला. "जमलं तर चहाला खाली येईन. तू वर येऊ नकोस."

काम सुरू झालं. ती काचेची पिवळी लोकर गच्चीवर उतरली, भिंतींमागे दडली. शेवटी मॅट आली. ती अंथरताना विजयालक्ष्मी मुद्दाम खाली आपल्या खोलीत थांबली. आधी मजुरांची धपधप अख्ख्या छतावर होती. मग ती एका बाजूने कमी कमी होत गेली आणि कोपऱ्यात येऊन संपली.

काम होईपर्यंत नाइलाजाने खाली थांबलेला केतन दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर वर गेला. नवं दार लागल्याचंही कळलं नाही. गुणवंत पलंगावर आडवा झाला आणि थोड्याच वेळात घोरायला लागला. त्याला असं गाढ झोपलेलं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सुरकुत्यासुद्धा सैल झाल्या होत्या. ती शेजारी बसून वर बघत राहिली. वर पांढरं छत होतं, त्यापलीकडे तिला काही कळत नव्हतं. तो झोपला असेल. चांगला गारव्यात, पाय पसरून झोपला असेल. नाहीतर नसेल. दोनदा ती जिन्यापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. लेकाने आयुष्यात मागितलेली एक गोष्ट होती, ती मोडायची तिची छाती होईना.

चहाची वेळ झाली, तिने आधण ठेवलं. वेळ टळूनही गेली. गुणवंत डोळे चोळत बाहेर आला.

"काय झोप लागली, विजू. किती शांत झालं गं घर." खुर्चीत बसता बसता त्याने विचारलं, "केतन काय करतोय?"

"झोपला असेल," ती म्हणाली.

गुणवंतने चमकून तिच्याकडे पाहिलं. केतनबद्दल ती कधी अंदाजाने बोलत नसे. तो उठायला लागला, तशी तिने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

तिने तीन कप भरले. तिसऱ्यावर बशी उपडी घातली. मग आपली खुर्ची फिरवून घेतली आणि जिन्याकडे पाठ करून ती चहा प्यायला बसली.