रस्त्यापलीकडची चूल

त्या सोमवारी भांडं संपलं तेव्हा दारात एकोणीस माणसं उभी होती.

आकडा मला ग्रिसेल्दाकडून कळला. मी पातेल्याच्या तळाला चिकटलेली पोलेंता, म्हणजे मक्याची लापशी, खरवडत होते, मान वर करायची माझी हिंमत नव्हती. ती मात्र हात पुसत बाहेर गेली आणि म्हणाली, "आज संपलं. माफ करा मला. उद्या तुम्ही सगळ्यांत पुढे उभे राहा, मी चेहरे लक्षात ठेवते." कुणी वाद घातला नाही. एका म्हाताऱ्याने डब्याचं झाकण लावलं, टोपीला हात लावून तिला नमस्कार केला आणि गेला. त्या नमस्कारानेच ती खचली असावी. आत येऊन बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही.

आमचं 'नवी वाट' हे प्रॉटेस्टंट मिशन रेसिस्तेन्सिया शहराच्या कडेला, वीटभट्ट्यांच्या अलीकडे आहे. ग्रिसेल्दाचा नवरा पास्टर एलादियो यानं ते सुरू केलं. एक पत्र्याची शेड, एक चूल आणि रविवारची उपासना. पुढे शिवणवर्ग आला, बालवाडी आली. सहा वर्षांपूर्वी एलादियो गेला आणि मंडळीने ग्रिसेल्दालाच पास्तोरा, म्हणजे बाई पास्टर, केलं. त्याआधी तिने आयुष्यभर कपडे शिवले होते. मी तिथे पंधरा वर्षं भाजी चिरते आहे. सगळ्यांसमोर मी तिला पास्तोरा म्हणते, स्वयंपाकघरात अगं-तुगं करते.

त्या वर्षी देशाचं काय झालं होतं ते मी कशाला सांगू? ज्यांनी आजवर आम्हाला जुने कपडे आणून दिले तेच डबा घेऊन रांगेत उभे राहू लागले, एवढं सांगितलं तरी पुरे. सरकारकडून येणारं कोरडं धान्य थांबलं. परदेशातली एक ख्रिस्ती मंडळी वर्षातून दोनदा मदत पाठवायची, तिचं पत्र आलं की त्यांच्याकडेही दिवस कठीण आहेत, ते आमच्यासाठी प्रार्थना करतील. ग्रिसेल्दाने ते पत्र वाचून त्याची घडी घातली आणि ती म्हणाली, "प्रार्थनेला आपण काही कमी पडत नव्हतो." शिवणवर्ग बंद झाला. मग बालवाडीच्या बाईंना जा म्हणून सांगावं लागलं. तेही तिनेच सांगितलं, दुसऱ्या कुणाला पुढे केलं नाही.

तर त्या सोमवारी बाकावरून उठताना ती म्हणाली, "उद्या मी फादर उबाल्दोंकडे जाते."

एर्मिनिया भांडी घासत होती. ती एलादियोची थोरली बहीण, म्हणजे ग्रिसेल्दाची नणंद, आणि आमच्या चुलीची पहिल्या दिवसापासूनची मालकीण. वय बहात्तर, हात मात्र लोखंडाचे. ती मागे न वळताच म्हणाली, "कशाला? पापं कबूल करायला?"

"एकत्र चूल मांडता येते का ते विचारायला."

भांड्यांचा आवाज थांबला. "त्यांच्याबरोबर?"

"त्यांच्याकडे हॉल आहे, ताई. लाकडावर चालणारी पावाची मोठी भट्टी आहे, लाकूडवाला फुकट लाकूड टाकतो. आपल्याकडे गॅसची टाकी भरायला काही उरलेलं नाही."

"माझा भाऊ त्यांच्या घंटेवरून भांडत मेला, वहिनी."

"तो हृदय बंद पडून मेला, ताई."

एर्मिनियाने नळ जोरात सोडला. 

दुसऱ्या दिवशी मी ग्रिसेल्दाबरोबर गेले. ट्रकांचा मोठा रस्ता ओलांडून चार चौक पुढे त्यांचं कॅथलिक चर्च. फादर अंगणात गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. आम्हाला बघून उठायला गेले, उठता आलं नाही, म्हणून बसूनच माते नावाचा कडू चहा भरून पुढे केला.

"तीस वर्षांत तुमच्या मिशनचं पाऊल इथे पहिल्यांदा लागलं," ते म्हणाले. "कुणी वारलं का?"

"अजून नाही," ग्रिसेल्दा म्हणाली. "तुमच्याकडे रांग किती असते?"

"रांग मोठी आहे, वाढणारं कुणी नाही. माझ्या चार बायका होत्या स्वयंपाकाला. दोघी मुलांकडे राजधानीला गेल्या, एक आजारी आहे. चौथी येते, पण तिचं मीठ..." त्यांनी हात हलवला. "देव तिचं भलं करो."

"माझ्याकडे सहा जणी आहेत. बाजारवाले उरलेली भाजी देतात. चूल पेटवायला काही नाही."

फादरनी गुडघ्यांवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाले, "हॉलमध्ये इताटीच्या मातेची मूर्ती आहे. मी ती हलवणार नाही. हलवली तर माझीच माणसं मला हलवतील."

"हलवू नका."

"आणि जेवणाआधीची प्रार्थना?"

"एक दिवस तुमची, एक दिवस आमची."

"तुमची लांब असते असं ऐकतो."

"जेवण गार व्हायला लागलं की मी खोकते," ग्रिसेल्दा म्हणाली. "पन्नास वर्षांच्या अनुभवाने सांगते, खोकल्यावर थांबतात."

फादर हसले. परतीच्या वाटेवर ग्रिसेल्दाही हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "फार सोपं गेलं गं. भीती वाटते."

अवघड भाग घरीच होता. गुरुवारी मिशनची पंच मंडळी बसली. बंधू कालिक्स्तो सगळ्यांत जुने. त्यांनी शास्त्रातल्या मूर्तींविरुद्धच्या तीन ओळी वाचून दाखवल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "पास्तोरा, चार माणसं नावं ठेवतील."

"ठेवू द्या. बंधू, तुमच्याकडे दुसरा उपाय असेल तर सांगा. मी खरंच ऐकते. मला रात्रभर विचार करून सुचलेला नाही, तुम्हाला सुचला असेल तर मी देवाचे आणि तुमचे आभार मानीन."

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरोखरच वाट बघत बसली, कालिक्स्तोंच्या तोंडाकडे बघत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. शेवटी म्हणाले, "मी डोळे मिटून जेवीन म्हणजे झालं." आणि ठराव झाला.

एर्मिनिया दारात उभी राहून सगळं ऐकत होती. माणसं गेल्यावर आत आली.

"झालं तुझं?"

"झालं, ताई. तू सोमवारपासून तिथली चूल सांभाळ. तुझ्यासारखा हात कुणाला नाही."

"मी त्या बाहुलीपुढे पळी धरणार नाही. आणि तू एलादियोची चूल विझवलीस हे माझ्याकडून कुणी वदवून घ्यायची गरज नाही, कारण मी ते सगळ्या वस्तीला स्वतःच सांगणार आहे." तिने डोक्याचा रुमाल नीट केला. "तू दमली आहेस, वहिनी. दमलेल्या माणसाने काही ठरवू नये."

"मग कधीच काही ठरणार नाही," ग्रिसेल्दा म्हणाली.

एर्मिनिया गेली ती गेलीच. रविवारी उपासनेला यायची, शेवटच्या बाकावर बसायची, 'आमेन'च्या आधी उठून जायची.

एकत्र चूल सुरू झाली. पहिला आठवडा भांडणात गेला. त्यांची चौथी बाई, फुल्हेन्सिया, मिठाची बरणी कुणाच्या हातात देईना. आमच्यातल्या एकीने मातेच्या मूर्तीपुढच्या कट्ट्यावर भोपळे ठेवले, त्यावरून अर्धा दिवस बोलाचाली झाली. शेवटी फादरनीच भोपळे उचलले आणि म्हणाले, "तिने स्वतः संसार केलाय, तिला भोपळ्याचं काही वाटत नाही." कालिक्स्तो खरंच डोळे मिटून जेवायचे, आणि दर वेळी कुणीतरी त्यांच्या ताटातला पाव पळवायचं. हळूहळू बसलं. रस्सा दाट झाला. भट्टीतून पाव निघू लागला. आणि दोन-तीन आठवड्यांनी भांडं पुरू लागलं. रांग संपायची तेव्हाही तळाशी दहा-बारा पळ्या उरलेल्या असायच्या.

ग्रिसेल्दाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. एके दुपारी तिने खुर्चीवर बसून, सहा महिन्यांत पहिल्यांदा, गरम जेवण पुढ्यात घेतलं. मी बघत होते. घास तोंडाजवळ नेता नेता तिचा हात थांबला.

"वीटभट्टीवरची पोरं कुठे आहेत?" तिने मला विचारलं.

मी कांदा चिरत होते, चिरतच राहिले.

"तेओदोरा, तुला विचारते आहे. लाल टोपीवाली ती दोघं बहीणभाऊ. रोहासांची धाकटी. मी त्यांना किती दिवसांत पाहिलं नाही?"

"पहिल्या आठवड्यापासून," मी म्हटलं.

"का?"

"मोठा रस्ता आहे ना, पास्तोरा. आया भट्टीवर कामाला. एवढ्याशा पोरांना ट्रकांच्या गर्दीतून एकटं कोण सोडेल?"

"तुला माहीत होतं?"

होतं. मला पहिल्या बुधवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही, कारण भांडं पुरत होतं. आधीच्या दिवसांत दारात उरलेल्या माणसांकडे बघायला मला नको झालं होतं. हे मी तिला सांगितलं, आहे तसं.

मला वाटलं ती ओरडेल. तिने चमचा ताटात ठेवला. "मी पण," ती म्हणाली. "मला रांग लहान दिसत होती. मी देवाचे आभार मानले गं. रोज. रांग लहान झाली म्हणून आभार मानले." ताटातलं तिने मग भांड्यात परत ओतलं नाही, टाकलंही नाही, फुल्हेन्सियापुढे सरकवलं आणि बाहेर पडली. मी मागोमाग.

रस्ता ओलांडायला आम्हालाच किती वेळ लागला. विटांचे ट्रक, लाकडाचे ट्रक, एकामागून एक. उत्तरेचा वारा सुटला होता, धुळीने डोळे उघडवेनात. एवढे दिवस आम्ही दोघी सकाळी अंधारातच पलीकडे जायचो, तेव्हा रस्ता रिकामा असायचा.

भट्ट्यांकडे जाताना वाटेत एर्मिनियाचं घर लागतं. तिथे धूर दिसला. अंगणात तीन दगडांवर पातेलं, आणि भिंतीच्या सावलीत ओळीने बसलेली मुलं. लाल टोप्या होत्या. एर्मिनिया वाढत होती. आम्हाला बघून तिने पळी खाली ठेवली नाही.

"मला परत न्यायला आली असशील तर चहा घे आणि जा," ती म्हणाली. "मी येणार नाही."

"न्यायला नाही आले."

"मग?"

ग्रिसेल्दा मुलांकडे बघत होती. "किती आहेत?"

"आज अकरा. काल चौदा होते. भट्टीवाल्या बायका आळीपाळीने रताळी देतात. एक कोंबडी देते, पण ती कोंबडी कसली, पिसं उपटलेला कावळा आहे." मग जरा थांबून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला तुझ्यावर सूड घ्यायचा होता, वहिनी. दुसऱ्या दिवशी ही पोरं बंद शेडच्या दारात येऊन बसली. मी त्यांना वस्तीला दाखवायला घेऊन आले, की बघा पास्तोराने काय केलं. आणली, मग खायला घालावं लागलं."

"मी रस्त्याचा विचारच केला नाही, ताई."

"नाही केलास."

"तू सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

 मला वाटतं, ग्रिसेल्दाने प्रामाणिकपणे विचार केला आणि तिलाच ते माहीत नव्हतं.

मग दोघी कामाचं बोलल्या. भट्टीतला पाव रोज सकाळी मी पोचवायचा. मसूर आठवड्यातून दोनदा. फादरच्या लाकडातलं थोडं लाकूड, पण ते फादरनी दिलंय असं एर्मिनियाला कुणी सांगायचं नाही, आणि ती विचारणार नाही. पलीकडे त्यामुळे भांडं पुन्हा अपुरं पडणार हे तिघींनाही कळत होतं. "पाणी वाढवू," ग्रिसेल्दा म्हणाली, आणि एर्मिनिया म्हणाली, "फुल्हेन्सियाला मीठ कमी टाकायला सांग, म्हणजे माणसं पाणी कमी पितील, रस्सा उरेल." यात काही तर्क नव्हता. तरी मी हसले.

बोलता बोलता ग्रिसेल्दा भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत टेकली होती. एक मुलगी तिच्या पायाशी येऊन ताट चाटत बसली. मी पाव आणण्याची वेळ विचारायला वळले, तर ग्रिसेल्दाची मान एका बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं. हात मांडीवर उलटे पडले होते.

"पास्तोरा," मी हाक मारली. "तीन वाजता पंच मंडळी येणार आहेत."

एर्मिनियाने माझा दंड धरला आणि मला बाजूला ओढलं.

"झोपू दे तिला."

"कालिक्स्तो वाट बघतील."

"बघू दे. डोळे मिटायची सवय आहे त्याला." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, सर्वांत मोठ्या मुलीला खूण करून बाकीच्यांना घराच्या मागे खेळायला पिटाळलं. ऊन सरकत ग्रिसेल्दाच्या गुडघ्यांवर आलं होतं. एर्मिनियाने दोरीवरची चादर काढून खुर्चीच्या वर, कौलाच्या वाशाला बांधली, आणि सावली नीट पडते का ते बघत बराच वेळ तिथेच उभी राहिली.