थेंबाथेंबाने

गंधकाचे पिवळे दाणे चाळणीत धुताना बाळकाकांना ताईचं पत्र पुन्हा आठवलं. शेवटच्या दोन ओळी तर पाठच झाल्या होत्या. 'साहेब कसा आहे? तू कधी येतोस?' आधीच्या दीड पानात तिचे गुडघे, सुनेचा अबोला, खिडकीबाहेरचं झाड असं सगळं होतं. त्याला उत्तर लागत नव्हतं. या दोन ओळींना लागत होतं. पत्र थंडीच्या तोंडाशी आलं होतं आणि आता पंखा लावावा लागत होता.

फोनवर ताईला ऐकू येत नसे. भाच्याला मध्ये घालून बोलायचं म्हटलं, की बाळकाकांच्या तोंडून 'बरंय, बरंय' यापलीकडे काही निघत नसे. उरलं पत्र. पण लिहायचं काय?

साहेब म्हणजे ताईचा मासा. खाऱ्या पाण्यातला, निळाशार, पिवळ्या शेपटीचा. खोलीत कोणी आलं की काचेपाशी येऊन पाहणी करून जायचा, म्हणून साहेब. मुलाकडे राहायला जाताना ताईने टाकीसकट तो धाकट्या भावाच्या हवाली केला होता.

"तुझा हात शिस्तीचा आहे, बाळ," ती म्हणाली होती. सत्तरी उलटलेल्या माणसाला बाळ म्हणणारी ती एकटीच उरली होती. शेजारपाजारच्यांनी तिचं ऐकून ऐकून त्याचं बाळकाका केलं होतं.

आता साहेबाचा रंग उडाला होता. तो मागच्या कोपऱ्यात दगडाला टेकून असायचा, दाणा समोरून गेला तरी तोंड उघडायचा नाही. टाकीतल्या पाण्याची चाचणी घेतली, की काचेच्या छोट्या नळीत लालभडक रंग उतरायचा. माशांच्या दुकानदाराने सांगितलं होतं, की पाण्यात साठत जाणारं ते नायट्रेट. बाळकाका बादल्या उपसायचे, नवं खारं पाणी कालवून ओतायचे. कंबर धरायची, आणि रंग लाल तो लालच.

"मास्तर, तुम्ही चमच्याने विहीर उपसताय," दुकानदार म्हणाला होता. "गंधकाचा रिअ‍ॅक्टर बसवा. बंद नळकांड्यात गंधक भरायचं आणि पाणी त्यातून थेंबथेंब सोडायचं. हवा नसली की आत जंतू वाढतात. ते गंधकावर जगतात आणि नायट्रेटचा वायू करून टाकतात. बाहेर येणारं पाणी जरा आंबट होतं, म्हणून पुढच्या नळकांड्यात पोवळ्याची खडी. झालं."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. तेच अवघड आहे."

बाळकाका मास्तर कधीच नव्हते. त्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. पण पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलं, आणि नंतर सांगणं बरं दिसलं नसतं.

दाणे धुऊन झाले. त्यांनी ते वाटीवाटीने नळकांड्यात सोडले, झाकणाची रबरी कडी पुसून बसवली, पंपाची बारीक नळी जोडली. आतली हवा बुडबुड करत वरच्या भोकातून निघून गेली. शेवटच्या नळीच्या टोकाला तोटी होती. ती जराशी फिरवली तसा एक थेंब लोंबकळला, विचार केल्यासारखा थांबला, आणि खालच्या बादलीत पडला. दुकानदाराने बजावलं होतं, की जंतू धरेपर्यंत हे पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही.

मग आठवडे गेले. बाळकाका पुस्तक घेऊन टाकीशेजारी बसत. पान वाचून झालं की थेंबाकडे बघत, थेंब बघून झाला की त्याच पानावर परत येत. आणि एका सकाळी बादलीतल्या पाण्याची चाचणी स्वच्छ पिवळी आली. नायट्रेटचा मागमूस नाही. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा केली. नळी विसळून आणखी एकदा केली. ज्या पानात चूक सापडत नाही ते पान नीट वाचलेलंच नाही, हा त्यांचा आयुष्याचा अनुभव.

आता थेंब टाकीत सोडायला हरकत नव्हती. पण हात पुढे होईना. काही चुकलं असलं तर? ताईचा मासा. त्यांनी नळी बादलीतच ठेवली आणि खबरदारी म्हणून तोटी आणखी आवळली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. जितकं सावकाश तितकं निर्धोक, असा त्यांचा हिशेब.

तिसऱ्या दिवशी शेजारीण पदर नाकाला लावून दारात उभी राहिली. ती कपडे शिवायची आणि बोलताना सुईसारखीच बोलायची.

"काका, घरात अंडी नासलीत की कोणी मेलंय?"

"कोणी नाही. म्हणजे... मला वाटतं जंतू मेले."

"जंतू मेले तर आनंद आहे की!"

"नाही हो, हे पाळलेले होते."

ती हसत सुटली. मग त्यांचा चेहरा पाहून थांबली आणि खुर्चीत बसली. बाळकाकांनी रिअ‍ॅक्टरचं सांगितलं, साहेबाचं सांगितलं आणि बोलता बोलता पत्राचंही निघालं.

"थंडीपासून उत्तर नाही?" ती म्हणाली. "दोन ओळी खरडायला काय होतं?"

"काय खरडू? मासा मरायला टेकलाय म्हणून? तो बरा झाला की लिहीन. तोवर कुठे जाताही येत नाही. बादल्या कोण उपसणार?"

"म्हणजे तो आजारी आहे तोवर तुम्ही सुटलात."

 बाळकाकांनी बादली उचलली, मोरीत ओतली, आणि ती चांगली विसळून परत आणायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

दुकानात त्यांनी बाटलीत भरून आणलेलं पाणी गल्ल्यावर ठेवलं. दुकानदाराने झाकण उघडलं आणि मान मागे घेतली.

"मास्तर, तोटी किती उघडी ठेवलीत?"

"अगदी जपून. मिनिटाला दोन-चार थेंब."

"देवा रे. काही मेलंबिलं नाही, उपाशी ठेवलंत त्यांना! नायट्रेट खायला आतुर झालेत, आणि तुम्ही ते पोचूच देत नाही. मग ते भलतंच खातात आणि हा वास सुटतो."

"मला वाटलं, सावकाश म्हणजे बरं."

"सुरुवातीला बरं. तयार झालं की सोडायचं असतं. जा, तोटी उघडा. सरळ धार नको, पण थेंबामागे थेंब लागू दे. वास गेला आणि चाचणी पिवळी आली की नळी टाकीत. मग पंधरा दिवस त्या तोटीला हात लावलात तर मला तोंड दाखवू नका."

बाळकाका घरी आले आणि चप्पल न काढताच त्यांनी तोटी उघडली. थेंबामागे थेंब लागला. एक दिवस बादलीतून उग्र वास येत राहिला, मग ओला, मातीसारखा, मग कसलाच नाही. चाचणी पिवळी आली. त्यांनी ती एकदाच केली. नळीचं टोक टाकीच्या काठावर अडकवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

टाकीच्या चाचणीचा लाल रंग उतरायला वेळ लागला. लालचा नारिंगी झाला, नारिंगीचा फिका. हात शिवशिवायचे तेव्हा बाळकाका पायऱ्या उतरून रस्त्याला एक फेरी मारून येत. अशाच एका फेरीहून आले, दिवा लावला, आणि काचेपाशी साहेब उभा होता. शेपटी पिवळीजर्द. त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चिमूटभर दाणे पडले ते एकामागून एक टिपले आणि पाठ फिरवून फेरीवर निघून गेला.

  बाळकाका एकटेच हसले, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शेजारणीला किल्ली दिली.

"रोज एक चिमूट. थेंब पडतोय एवढं बघायचं. तोटीला हात लावायचा नाही."

"हे मला सांगताय?" ती म्हणाली. "आणि पत्र लिहिलंत का?"

त्यांनी खिशातून पाकीट काढून दाखवलं. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यात दोन सदरे आणि एक पुस्तक. ती पाकिटाकडे बघत राहिली, मग पिशवीकडे.

"अहो काका, गाडी उद्या सकाळी पोचेल तिथं. पत्राला चार दिवस लागतील. हातातच द्या की नेऊन!"

"नको," बाळकाका म्हणाले. "पत्राला उत्तर पत्रानेच गेलं पाहिजे."

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी ते थांबले. पाकीट उघडंच होतं; सवयीने बोटं आतल्या कागदाकडे गेली, एकदा नजर फिरवावी म्हणून. मग त्यांनी कड ओली केली, पाकीट चिकटवलं आणि सोडून दिलं. पेटीच्या तळाशी ते पडल्याचा हलका आवाज आला. बाळकाकांनी पिशवी खांद्यावर घेतली आणि ते चालू लागले. पत्र ताईकडे येईल त्या दिवशी पोस्टमनला दार उघडायला आपणच जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.