क्वेडलिनबुर्गच्या बाईंचं नाणं

सोबत आणलेले घराण्याचे चांदीचे टाक पुतण्याला, क्षितिजला द्यायचे, असं आमच्या ह्यांनी जर्मनीत मुलाकडे, ब्राउनश्वाइगला आल्याआल्या जाहीर केलं. का, तर आमच्या कपिलला एकच मुलगी, अन्वी. कुळाचे देव मुलाकडेच जातात म्हणे! कपिल एवढा इंजिनियर, पण वडिलांपुढे नुसती मान डोलावून मोकळा. सून सुकन्यानं भांडी तेवढी जोरात आपटली. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. रोज सकाळी हे टाकांना स्नान घालतात तेव्हा अन्वी शेजारी मांडी घालून बसते. तिनं हात पुढे केला की हे म्हणतात, "तू नुसतं बघ."

शनिवारी सगळे क्वेडलिनबुर्ग या जुन्या गावी गेलो. तिथल्या प्रदर्शनात काचेखाली मध्ययुगातली चांदीची नाणी मांडली होती.

"अगं शोभना, हे तर टाकच!" हे ओरडले.

खरंच, तसाच पातळ पत्रा, एकाच बाजूनं ठोकून उठवलेली आकृती. आसनावर कुणीतरी बसलेलं, एका हातात दंड, दुसऱ्या हातात ग्रंथ.

"बैठक बघ काय आहे! मोठा धर्मगुरू असणार. राज्य चालवणारा माणूस लगेच कळतो."

अन्वीनं काचेला नाक टेकवून पाटी वाचली आणि नेहमीसारखी जर्मनमध्येच म्हणाली, "नाइन, आजोबा. आइने फ्राउ."

"बाई आहे ती, बाबा," कपिल म्हणाला. "इथल्या मठाची प्रमुख. म्हणजे राज्य या बायकाच करायच्या. नाणीसुद्धा त्याच पाडायच्या."

"अहो, आता बैठक बिघडली का तिची?" मी विचारलं.

ह्यांनी चष्मा पुसून नाणं पुन्हा बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाची परवानगी घेतली नाही. अन्वी आंघोळ करून आली तशी तिला देवांपुढे बसवलं, टाक ताम्हनात ठेवले आणि पळी तिच्या हातात दिली. हे सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. बसू देत. इतकी वर्षं संसार केलाय, माणूस ओळखते मी. आजोबा रागावतील म्हणून पोरीनं मात्र घाईघाईनं पळी उपडी केली. पाणी भसकन सांडलं.

"धार बारीक धर," सोफ्यावरून आवाज आला.

मग हे उठले आणि तिच्या शेजारी येऊन बसले. पळीला हात लावला नाही.

"असं?" अन्वीनं चक्क मराठीत विचारलं.

"गेनाऊ, अगदी अस्संच," हे चक्क तिच्या जर्मनमध्ये म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच, "क्षितिजला फोन कर. म्हणावं, टाक अन्वीकडे राहतील."