एकसारखी पांढरी तबकडी

नवऱ्याच्या पन्नाशीला त्याच्या जन्मसालातलं मनगटी घड्याळ द्यायचं असं सुनेने ठरवलं आणि पारख करायला सासऱ्यांना सोबत घेतलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता डोळ्यांपुढे धुकं आलं होतं, पण ऐट तसूभर कमी झाली नव्हती. सून कवळ्या बनवायची. "खोटे दात करणारीला खरं घड्याळ काय कळणार?" असं ते बसमध्ये दोनदा म्हणाले. ती हसली, पण तिला ते लागलं.

जुन्या घड्याळांच्या दुकानात दुकानदाराने त्या सालातली दोन घड्याळं पुढे ठेवली. एकाची तबकडी दुधासारखी पांढरी, दुसऱ्याची पिवळट, कडेला तपकिरी डाग. सासऱ्यांनी पांढरं डोळ्यांशी नेलं, कानाला लावलं आणि निकाल देऊन टाकला. "हेच घे. अगदी जसंच्या तसं आहे."

दुकानदाराची कळी खुलली. सुनेने मात्र त्याच्याकडून भिंग मागून घेतलं आणि दोन्ही घड्याळं सावकाश पाहिली.

"बाबा, हे नको."

"का गं?"

"खऱ्या दाताला कधी एकच रंग नसतो. टोकाला वेगळा, मुळाशी वेगळा. सगळा एकसारखा दिसला की समजायचं, आमच्यापैकी कुणाचा तरी हात लागलाय. ही तबकडी तशीच आहे, नंतर रंगवलेली. आकडेही फुगलेत, सहाच्या पोटातली जागा बुजत आलीय. त्या पिवळ्यावरचे बघा, केसासारखे बारीक."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. परक्या माणसासमोर सुनेने चूक काढली होती. आता हे तडक उठून चालू लागणार, असं तिला वाटलं. पण त्यांनी डोळे मिटले आणि पांढऱ्या घड्याळाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग पिवळ्याच्या.

"घासून घासून या पांढऱ्याचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल केलेत," ते म्हणाले. "पिवळ्याची धार शाबूत आहे. बरोबर बोललीस. मी घाई केली."

दुकानदाराने मान खाजवली. "माझ्याकडे आलं तेव्हाही असंच होतं," तो पुटपुटला.

"पिवळ्याचं किल्ली द्यायचं बटण नवं दिसतंय," सून म्हणाली.

"असू दे. रोज पिळलं की ते झिजतंच. पन्नास वर्षांनी जुनंच असतं, तर मला शंका आली असती."

पिवळं घड्याळ घरी आलं. रविवारी सासऱ्यांनी आपलं टेबल पुसलं, एक बंद पडलेलं घड्याळ काढलं आणि सुनेला हाक मारली. "ये, झाकण उघडायला शिक. डोळे तुझे, हात तुझे, तोंड माझं."

"तोंडाचं काम तर आमच्याकडे असतं, बाबा!"

ते खो खो हसले. पहिल्याच प्रयत्नात स्क्रू उडाला आणि कपाटाखाली गेला. दोघंही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले.

"पहिल्या दिवशी मी तर गिऱ्हाइकाचा काटा मोडला होता," ते हळूच म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस हं."